भाऊसाहेबांचं तुळशीपत्र

सेवापूर्तीचा कार्यक्रम करायचा नाही, हे भाऊसाहेबांचं पक्कं ठरलं होतं. इतकं पक्कं, की ते त्यांनी कर्जतच्या स्टँडवर, हिवरवाडीच्या पारावर, न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला साबण असताना आणि एका तेराव्याच्या पंगतीत बुंदी नको नको म्हणता म्हणता जाहीर केलं होतं. जी गोष्ट आपण करणार नाही म्हणून माणूस एवढ्या ठिकाणी सांगत हिंडतो, ती त्याला मनातून फार करावीशी वाटत असते. हे पांडुरंगाला कळतं, बायकोला कळतं, फक्त त्याला कळत नाही.

भाऊसाहेब म्हणजे गहिनीनाथ कानगुडे. पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात वरिष्ठ लिपिक. मेअखेरीला निवृत्त व्हायचे होते. आता आपल्या भागात माणूस निवृत्त झाला हे नुसत्या सरकारी आदेशानं सिद्ध होत नाही. त्यासाठी मांडव लागतो, वेशीवर फ्लेक्स लागतो, दहा ते बारा हरिकीर्तन लागतं आणि मग गावाला जेवण. ज्याचं कीर्तन झालं नाही तो निवृत्त झाला की निलंबित, ही शंका लोक पुढं कित्येक वर्षं जपून ठेवतात.

पण भाऊसाहेबांचं गणित सरळ होतं. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येईल, त्यात नवरा-बायकोचं भागेल. आणि ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसे मिळून जी रक्कम एकदम हातात पडेल ती जयमालाबाईंच्या गुडघ्यांची. दोन्ही गुडघे गेले होते. नगरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं की आता हाडावर हाड घासतंय, बदलण्यावाचून इलाज नाही. जयमालाबाई जमिनीवर बसायच्या बंदच झाल्या होत्या. चुकून बसल्या तर उठताना आधी भिंत धरायच्या, मग देवाचं नाव घ्यायच्या आणि मग भाऊसाहेबांना हाक मारायच्या. तिघांपैकी भिंत तेवढी वेळेवर उपयोगी पडायची.

हे ऑपरेशन नोकरीत असतानाच उरकलं असतं तर बिल खात्यानं दिलं असतं, असं एखादा म्हणेल. पण वैद्यकीय बिलाची फाईल कशी चालते, हे भाऊसाहेबांना नेमकं ठाऊक होतं, कारण ती चालवायचं टेबल त्यांचंच होतं. त्यामुळे पैसे रोख हातात आल्याशिवाय बायकोच्या गुडघ्याला सुरी लावू द्यायची नाही, असा त्यांनी पूर्ण विचारांती निर्णय घेतला होता.

म्हणून कार्यक्रम नाही.

शेजारी रंगनाथ राहतो. एसटीतला कंडक्टर, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात भाऊसाहेबांना सीनियर. पैसे कुठं गुंतवावेत यावर तो ज्याला-त्याला सल्ला देतो. "पैसा बँकेत झोपतो, भाऊसाहेब. शेळ्या घ्या. शेळी झोपत न्हाई." त्याच्या स्वतःच्या शेळ्या मागंच संपल्या होत्या. काही रोगानं, काही पाहुण्यांनी. पण तेवढ्यानं त्याचं मत बदललं नव्हतं.

"कार्यक्रम नका करू," तो म्हणाला. "बराबर हाय तुमचं. नुसतं कीर्तन ठेवा."

"अरे, कीर्तन म्हणजे कार्यक्रमच की."

"तसं कसं? कार्यक्रम मानसाचा असतो. कीर्तन देवाचं. देवाच्या नावाला न्हाई म्हनून पेन्शन सुरू करता व्हय?"

इथं रंगनाथनं बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. कीर्तन हा भाऊसाहेबांचा जीव की प्राण. पंचक्रोशीत कुठं वीणा उभी राहिली की हे सायकल काढून निघायचे, पुढं स्कूटर आली तशी स्कूटर काढून. चाल लागली, मृदंगावर थाप पडली, महाराजांनी उपरणं सावरलं की यांचे डोळे भरून यायचे. दृष्टांत संपेपर्यंत रुमाल ओला. हातात टाळ घेऊन उभं राहावं, सगळ्यांच्या गळ्यातून एकच विठ्ठल निघावा आणि मागं राहिलेली कचेरीतली कामं आणखी थोडी मागं राहावीत, यापरतं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ज्यानं ते एकदा चाखलंय त्याला दुसरं सुख पटतही नाही.

तेव्हा घरगुती कीर्तन ठरलं. अंगणात. नंतर चहा-पोहे.

"पोहे?" रंगनाथ म्हणाला. "टाळकरी पंधरा-वीस. त्यांनी दोन तास नाचायचं आन पोह्यावर घरी जायचं? लोक काय म्हनतील, भाऊसाहेब रिटायर झाले का आजारी पडले?"

मग टाळकऱ्यांना जेवण. टाळकऱ्यांना जेवण म्हटल्यावर त्यांच्या घरच्यांना कसं वगळायचं. त्यांच्या घरच्यांना घातलं तर भावकीनं काय घोडं मारलंय. भावकी आली की गाव आलं, कारण हिवरवाडीत सोयरीक काढत बसलं तर परका असा एक पोस्टमनच निघतो, आणि त्याला बोलावलं नसतं तर पेन्शनचे कागद त्यानं वेळेवर दिले नसते. अंगण पुरेना म्हणून मांडव शाळेच्या मैदानात गेला. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं होतं. लोकांनी ते पाळलं. आहेर कुणीच आणला नाही, सगळ्यांनी शाल, टॉवेल, टोपी आणि नारळ आणले. घरातल्या पलंगाखाली अजून पाय घालता येत नाही.

आचाऱ्याचा आणि मांडवाचा खर्च भाऊसाहेबांनी शेवटच्या पगारातून आणि जयमालाबाईंच्या डाळीच्या डब्यातून भागवला. गुडघ्यांच्या रकमेला हात लावला नाही. ती बँकेत जमा झाली होती, तिची मुदत ठेव करायचं सोमवारी ठरलं होतं, आणि आज रविवार होता. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

कीर्तनाला कोंडीराम महाराज आले होते. आवाज असा, की मागच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यानंही मान डोलवावी. महाराजांनी विषय घेतला माणसाच्या 'माझं, माझं'चा. म्हणाले, "माणूस एसटीत चढतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. त्या जागेवरनं भांडतो, दुसऱ्याचं बखोट धरतो. आन मिरजगाव आलं की तीच जागा सोडून गुमान खाली उतरतो. बरोबर काय नेतो? रुमाल." रंगनाथनं खात्याचा माणूस म्हणून जोरात मान हलवली. "भाऊसाहेब, चौतीस वर्षांची खुर्ची होती. सुटली का नाही?"

"सुटली," भाऊसाहेब म्हणाले. ते पहिल्या रांगेत, गळ्यात तुळशीचा हार, डोळे वाहत.

"खुर्ची सरकारनं सोडवली. तुम्ही आपण होऊन काय सोडता?"

असं महाराज सगळ्यांनाच विचारतात. माणसं उठतात, कुणी तंबाखू सोडतं, कुणी वांगं सोडतं. वांगं सोडणारे बहुधा ते आधीच खात नसतात. भाऊसाहेबही उठले. वांगं त्यांना आवडत नव्हतंच, तेव्हा ते सोडून सगळं निभावलं असतं. पण मागं मृदंग घुमत होता, समोर पांडुरंगाची तसबीर होती आणि आत कुठंतरी बांध फुटला होता. बांधाच्या दुरुस्तीचे कागद आयुष्यभर केलेल्या माणसाला तो थोपवता आला नाही. त्यांनी गळ्यातल्या हाराचं एक पान तोडलं, तळहातावर ठेवलं आणि माईकमध्ये म्हणाले, "महाराज, आजवर जे मिळवलं ते सगळं या पांडुरंगाचं. माझं काही नाही. हे ठेवलं तुळशीपत्र."

टाळ्या झाल्या, मग गजर, मग मृदंगवाल्यानं असा तुकडा वाजवला की पोरंसुद्धा रडायची थांबली. आणि तिसऱ्या रांगेतून आप्पासाहेब उठून उभे राहिले.

आप्पासाहेब म्हणजे मोठे ऊस बागायतदार आणि मंदिर जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष. विठ्ठलमंदिरापुढच्या सभामंडपाचे खांब बऱ्याच वर्षांपूर्वी उभे राहिले होते, त्यांच्या डोक्यावर लोखंडी सळया आभाळाकडं बघत होत्या, आणि स्लॅब काही पडत नव्हता. पैसे नव्हते हे एक, आणि गावात दोन पार्ट्या होत्या हे दुसरं. समितीचं बँकेत खातंही नव्हतं, कारण सही कुणाची यावर एकमत होत नव्हतं. आप्पासाहेबांनी हात जोडले. "पांडुरंगानं ऐकलं," ते म्हणाले. "सभामंडपाचं काम आता थांबत न्हाई."

भाऊसाहेबांना ते नीट ऐकूही आलं नाही. ते रडत होते. आणि खरोखर सांगायचं तर त्यांनी दिलं होतं ते मनानं दिलं होतं. सरकारी भाषेत ती तत्त्वतः मंजुरी होती. तत्त्वतः मंजुरीनंतर प्रशासकीय असते, तिच्यानंतर तांत्रिक, मग निधी, आणि एवढं होईस्तो ज्यानं तत्त्वतः मंजूर केलेलं असतं तो बदलून गेलेला असतो. चौतीस वर्षांत भाऊसाहेबांनी तत्त्वतः मंजूर झालेलं एकही काम प्रत्यक्षात झालेलं पाहिलं नव्हतं. गाव एवढं तातडीनं काम करील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

जयमालाबाई त्या वेळी मांडवामागं आचाऱ्याजवळ उभ्या होत्या, पुऱ्या पुरतील का या घोरात. शेजारची कडूबाई धावत आली.

"माला, तुझ्या मालकानं सगळा पैका देवाला दिला गं."

जयमालाबाईंनी झारा कढईवर टेकवला.

"समदा?"

"तुळशीपत्र ठिवलं. माईकमधी."

"मग आता गुडघे देवाचे झाले म्हणायचे," त्या म्हणाल्या, आणि आचाऱ्याला पुढचा घाणा टाकायला सांगितला.

घरी दोघं समोरासमोर आले तेव्हा भाऊसाहेबांनी खुलासा सुरू केला. त्यात भाव, अर्थ आणि प्रसंग यांतला फरक होता. जयमालाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"तुम्ही देवाला बोललात का न्हाई?"

"बोललो. पण मनानं."

"तोंडानं बोललात. मनानं बोलला असता तर कडूबाईला ऐकू गेलं नसतं."

सोमवारी सकाळी ठेव करायला निघावं म्हणून भाऊसाहेब दार उघडतात तो ओट्यावर समिती. आप्पासाहेब, आणि त्यांच्या शेजारी चक्क विरुद्ध पार्टीचे लोक. या दोन पार्ट्या एका सतरंजीवर बसल्याला एक पिढी झाली होती. भाऊसाहेबांच्या तुळशीपत्रानं गाव एक केलं होतं. पुन्हा शाल, पुन्हा नारळ.

"सळया गंजत चालल्यात," आप्पासाहेब म्हणाले. "ठेकेदार पावसाच्या आत स्लॅब टाकतो म्हनतोय. तुमचं नाव संगमरवरात कोरायला टाकलंय. कानगुडेमधला 'न' कसला हो, नळाचा न का बाणाचा?"

"नळाचा," भाऊसाहेब म्हणाले. तोंडाशी आलं होतं की आप्पासाहेब, ते तसं नव्हतं हो. पण समोर जोडलेले हात, मागं फाटकात उभी अर्धी गल्ली, आणि आपण देवापुढं बोललेलो. बायकोच्या गुडघ्यांचे पैसे आहेत म्हणावं तर काल एवढं रडून दाखवलं ते कशाला, असं उद्या पारावर निघणार. मानी माणसाला 'माझं चुकलं' म्हणण्यापेक्षा संगमरवर सोपा वाटतो.

तरी ते बँकेत गेले. ठेव एकदा झाली की मुदतीआधी मोडायला खळखळ होते, तेवढीच सबब. काउंटरवर निकिता मॅडम होत्या. त्यांनी आठवड्यापूर्वीच फॉर्म भरून ठेवला होता. ज्येष्ठ नागरिकांचा जास्तीचा दर भाऊसाहेबांना मिळत नव्हता. बँकेच्या मते ते अजून तरुण होते. गावानं त्यांना काठी भेट दिली होती.

"सर, करायची का ठेव?" मॅडम जरा चाचरत म्हणाल्या. "नाही म्हणजे, सासूबाईंनी काल मोबाईलवर तुमचं कीर्तन पाहिलं. खूप रडल्या. मग ही ठेव आता कुणाच्या नावावर घ्यायची?"

"माझ्याच."

"हो, पण ते तुमचे राहिले नाहीत ना, सर." आणि मग अगदी आदरानं, "तुमचे अध्यक्ष सकाळीच समितीचं खातं उघडायचा अर्ज घेऊन गेलेत. सह्यांवर एकमत झालं म्हणे."

रांगेतल्या एका आजीबाईनं तेवढ्यात भाऊसाहेबांच्या पाया पडून घेतलं. ज्याच्या पाया पडलेत अशा माणसाला स्वतःच्या नावाची ठेव करता येत नाही. भाऊसाहेब फॉर्म तसाच ठेवून बाहेर पडले.

बुधवारी त्यांनी कोंडीराम महाराजांना फोन लावला. महाराज अकोल्याकडं सप्ताहात होते.

"महाराज, देवाला मनानं दिलेलं पोचतं ना?"

"मनानं दिलेलंच पोचतं, भाऊसाहेब. त्याला पैसे काय करायचेत?"

भाऊसाहेबांना हायसं वाटलं. "मग हे गावाला कोण सांगणार?"

"कशाला सांगायचं? किती सुंदर त्याग आहे तुमचा. मी रोज कीर्तनात तुमचाच दृष्टांत देतोय. काल चार हजार माणूस होतं. तुमचं नाव घेतलं की माणसं ढसाढसा रडतात." मग महाराज म्हणाले की एकादशीला मी येतोच आहे, आप्पासाहेबांनी विधिपूर्वक संकल्प सोडायला बोलावलंय.

दृष्टांताचा परिणाम दोन दिवसांत घरापर्यंत आला. श्रीगोंद्याकडून एका म्हसोबाचे लोक आले, "एवढं दिलंय तर आमच्या पत्र्याचं बघा." कुठल्याशा गोशाळेचे आले. विमा एजंट आला, त्याचं म्हणणं असं की सर्वस्व दिल्यावरच माणसाला विम्याची खरी गरज असते. रक्कमही गावागणिक वाढत होती. मिरजगावात ती दुप्पट झाली आणि घोगरगावला पोचेस्तो तिच्यात दोन एकर बागायत आली. रंगनाथ संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचा आणि सुस्कारा टाकायचा. "म्हनून म्हनलं हुतं शेळ्या घ्या. शेळीवर कुनी तुळशीपत्र ठेवत न्हाई. शेळीच खाती ते."

जयमालाबाई या सगळ्यात चहा करत होत्या. आलेल्या माणसांना ओट्यावर चहा द्यायला उंबरा ओलांडायच्या, प्रत्येक वेळी चौकट धरून. नगरच्या दवाखान्यातून ऑपरेशनच्या तारखेबद्दल फोन आला तेव्हा "सांगते" एवढंच म्हणाल्या. भाऊसाहेबांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. "जयू," ते म्हणाले, "मी सांगून टाकतो आप्पासाहेबांना."

"काय सांगता?"

"की मी बोललो ते..."

"देवाला दिलेलं मागं घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मला न्हाई चालायचं ते. गुडघे दुखत्यात, पन झोप तरी लागती."

एकादशीला सभामंडपाच्या उघड्या खांबांमध्ये सारं गाव जमलं. मंदिराचा चौथरा पुरुषभर उंच. वर देवापुढं पाट मांडला होता. भाऊसाहेब पाटावर बसले, खिशात चेकबुक, कपाळाला घाम. खाली संगमरवराची पाटी झाकून ठेवली होती. आप्पासाहेब चौथऱ्याच्या कडेला उभे. दोन्ही पार्ट्या कॅमेऱ्यात यायला म्हणून पुढं सरकत होत्या.

महाराजांनी भाऊसाहेबांच्या ओंजळीत पळीनं पाणी घातलं, वर तुळस ठेवली. मग इकडंतिकडं पाहिलं. "वहिनी कुठायत?"

"त्या काय, खाली," आप्पासाहेब म्हणाले.

"मग बोलवा की. दान सपत्नीक असतं. संकल्प सोडताना बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. त्याशिवाय पाणी सोडता यायचं नाही मला."

बायकांच्या मागं प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. गुडघे गेलेल्या सगळ्या बायका तिथं बसतात आणि ती रांग दर वर्षी लांबत चालली आहे. त्या रांगेतून जयमालाबाई उठल्या. बायका आपोआप बाजूला झाल्या. त्या चालत चौथऱ्यापाशी आल्या, उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि थांबल्या. पायऱ्या जुन्या दगडी, एकेक हातभर उंच, धरायला काही नाही. त्यांनी जोर लावला. गुडघ्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला. पाय परत खाली आला. दुसरा पाय टाकून बघितला. तोही खाली आला.

भाऊसाहेब पाटावरून अर्धे उठले. "मीच येतो खाली."

महाराजांनी त्यांना नजरेनंच बसवलं. संकल्पाचं पाणी ओंजळीत घेतलेल्यानं पाटावरून उठायचं नसतं. भाऊसाहेबांना हे माहीत होतं, आणि माहीत असल्याचा त्या वेळी फार राग आला.

"खुर्चीसकट उचलू," आप्पासाहेब म्हणाले. "ए, चौघं या रे हिकडं."

"उचलून न्यायला मी काय पालखी हाय?" जयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी खालूनच महाराजांना हात जोडले. "महाराज, माझी काई ना न्हाई. यांनी देवाला दिलं ते देवाचंच. पन हात लावायचा तर माझ्या पायानं वर येऊन लावीन. दोन्ही गुडघे बदलले की येता येईल म्हनत्यात डॉक्टर."

"मग बदला की, वहिनी," आप्पासाहेब घाईनं म्हणाले. "त्याला कितीसा खर्च?"

"ह्यांच्या वंजळीत हाय तेवढाच," जयमालाबाई म्हणाल्या.

वर दोन कावळे सळयांवर येऊन बसले होते, तेवढेच बोलत होते. आप्पासाहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. भाऊसाहेबांनी खाली मान घातली होती. त्यांना आपल्या बायकोचे पाय इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिसत होते.

मागं प्लास्टिकच्या खुर्चीतून कडूबाई म्हणाली, "आदी गुडघं, मागनं सलाब. देवाला छप्पर हाय डोक्यावर. मालानं पायरी कवा चढायची?" आणि ती रांगच्या रांग हो हो करू लागली. त्यातल्या दोघीजणी आप्पासाहेबांच्या घरच्या होत्या, एक सख्खी आई.

"ऐकलं का?" महाराज म्हणाले. ते हसत होते की डोळे पुसत होते, ते खालून कळत नव्हतं. "दानाला यजमानीण वर येईपर्यंत संकल्प थांबला. भाऊसाहेब, ते पाणी तुळशीत घाला."

पण भाऊसाहेबांच्या ओंजळीत पाणी राहिलं नव्हतं. ते केव्हाच बोटांतून गळून गेलं होतं.

त्यानंतर जयमालाबाईंच्या गुडघ्यांची जेवढी काळजी गावानं केली तेवढी कुणाच्या बाळंतपणाची केली नसेल. एक गुडघा आधी झाला, दुसरा नंतर. आप्पासाहेब दवाखान्यात शहाळी घेऊन गेले आणि फोटो उजेडाला धरून ठेकेदाराचं काम पाहावं तसे बघत राहिले. "मजबूत वाटतंय," म्हणाले. "किती वर्षांची ग्यारंटी?" विरुद्ध पार्टीनं व्यायामाचा माणूस स्वखर्चानं घरी पाठवला. रोज सकाळी त्या काठी घेऊन ओढ्यापर्यंत चालायला लागल्या की पारावरून हिशोब व्हायचा, काल विहिरीपर्यंत गेल्या, आज चक्कीपर्यंत. अखेर काठी सुटली.

पुढच्या एका एकादशीला महाराज पुन्हा आले. चौथऱ्यावर पाट मांडला. भाऊसाहेब बसले, खिशात चेकबुक नव्हतं, कारण त्याचं काही काम उरलं नव्हतं. जयमालाबाई खुर्चीतून उठल्या, पायरीपाशी आल्या आणि एकेक पायरी चढत वर गेल्या. कुणाचाही हात न धरता. खाली बायकांनी गजर केला, आणि त्या गजरात आप्पासाहेबांच्या आईचा आवाज सगळ्यांत वर होता.

महाराजांनी पाणी घातलं, तुळस ठेवली. जयमालाबाईंनी हात लावला.

"आता काय अर्पण करता?" महाराज म्हणाले.

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं आणि बायकोकडं बघून मिटलं. ही अक्कल त्यांना त्या दिवशी आली, आणि आम्ही ऐकतो की अजून टिकून आहे.

"पैसा तर गुडघ्यात गेला," जयमालाबाई म्हणाल्या. "उरलं काय, तर हे. दिवसभर घरी असत्यात. सकाळी मला विचारत्यात, मीठ किती दिवस पुरतं. दुपारी डब्यांवर नावं चिकटवत्यात. अक्षर चांगलं हाय, सरकारी कागद कळतो, आन एखाद्या कामाच्या मागं लागले की समोरच्याला कंटाळा येतोस्तवर सोडत न्हाईत. देवानं सभामंडपाच्या कामाला यांनाच ठिवून घ्यावं." असं म्हणून त्यांनी ओंजळीवरलं तुळशीचं पान उचललं आणि अगदी श्रद्धेनं नवऱ्याच्या टोपीवर ठेवलं. महाराजांनी खूण केली. भाऊसाहेबांनी बायकोच्या हाताखालून पाणी सोडलं.

आप्पासाहेब समितीचे अध्यक्ष म्हणून पावतीपुस्तक उघडून बसले. दिलेल्या वस्तूची पावती दिल्याशिवाय समितीचा व्यवहार होत नाही, हा दोन्ही पार्ट्यांनी मिळून केलेला एकमेव ठराव होता. देणगीदार म्हणून त्यांनी सौ. जयमाला कानगुडे लिहिलं. पुढं पेन थांबलं.

"वस्तूच्या खाली काय टाकू?"

खालून रंगनाथ म्हणाला, "एक नग टाका. चालू स्थितीत."

"टाका," जयमालाबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांचं अक्षर वाकडं. भाऊसाहेबांना ते बघवेना. त्यांनी पाटावरूनच हात लांब केला, पावतीपुस्तक मांडीवर घेतलं, टोपीवरचं पान पडू नये म्हणून मान ताठ ठेवली, आणि स्वतःची पावती स्वतःच, नक्कल प्रतीसह, सुवाच्य अक्षरात लिहून दिली.